आलापल्लीपासून उलटे मोजताना

पुणे-नाशिक महामार्गावर इंद्रायणीच्या अलीकडे वसलेली मोशी आज पिंपरी-चिंचवड महापालिकेचा भाग आहे आणि नदीपलीकडच्या चाकण पट्ट्यात, म्हणजे महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, बजाज यांसारख्या वाहन-उद्योगांत व त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांची ती वस्ती आहे. गाडी तयार करणाऱ्या या माणसांपैकी अनेकांच्या दारात स्वतःची गाडी आली ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत. महाबळेश्वर, कोकण आणि गोवा पाहून झाल्यावर त्यांतील एखादे कुटुंब जेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडपर्यंत स्वतः गाडी चालवत जाण्याचे ठरवते, तेव्हा त्या प्रवासाची आखणी हे हौसेपेक्षा वेगळे, कारखान्यातील कामाइतकेच शिस्तीचे काम ठरते.

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या सुमारे पाऊण क्षेत्रावर वन आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड सुरू होते. गावाच्या थोडे अलीकडे हेमलकसा आहे, जिथे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड समाजासाठी दवाखाना आणि शाळा उभी केली. मोशीपासून हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर भरते.

अशा प्रवासाची आखणी बहुतेक जण घराच्या दारापासून करू लागतात: पहाटे किती वाजता निघायचे, नाश्ता कुठे, जेवण कुठे. हा क्रमच चुकीचा आहे. कारखान्यात माल पाठवण्याची तारीख आधी पक्की होते आणि तिथून मागे मोजत जोडणी, रंगकाम, प्रेसकाम यांच्या वेळा ठरतात. त्याच रीतीने भामरागडचा प्रवास आलापल्ली ते हेमलकसा या शेवटच्या सुमारे साठ किलोमीटरपासून मागे मोजावा लागतो. दाट जंगलातून जाणारा हा टप्पा नवख्या चालकाने उजेडातच पार करावा, ही एकच अट पक्की धरली की बाकीचे वेळापत्रक तिच्यामागे आपोआप रचले जाते. येथे भूगोलातील एक साधी गोष्ट पुण्याकडच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. भामरागड मोशीच्या जवळजवळ पावणेसात रेखांश पूर्वेला आहे आणि पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागत असल्यामुळे तिथे सूर्य सुमारे सत्तावीस मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरमध्ये मोशीत सहाच्या सुमारास जो संधिप्रकाश असतो, तो तिथे साडेपाचच्या थोडे पुढेच येतो, आणि झाडीखाली अंधार त्याहूनही लवकर दाटतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

ऋतूचा निर्णय याहून सोपा आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसलेले वास्तव आहे. म्हणून पावसाळा सोडावा, उन्हाळा टाळावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

गाडीच्या तयारीत मोशीच्या माणसाला त्याचे रोजचे ज्ञान फार उपयोगी पडते. वाहन-उद्योगात ‘एफएमईए’ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक संभाव्य बिघाडाला तीन अंगांनी एक ते दहा गुण दिले जातात: परिणाम किती गंभीर, बिघाड किती वेळा घडू शकतो आणि तो वेळेत ध्यानात येणे किती अवघड. या तिन्हींच्या गुणाकारावरून कोणत्या बिघाडाची काळजी आधी घ्यायची ते ठरवण्याची रीत रूढ झाली. हीच पद्धत प्रवासाला लावली, तर आळेफाट्याजवळचे पंक्चर आणि आलापल्लीपुढचे पंक्चर या घडण्याच्या शक्यतेने सारख्याच, पण गांभीर्याने अगदी वेगळ्या घटना ठरतात. पहिल्यात अर्धा तास जातो, दुसऱ्यात दिवस जाऊ शकतो. त्यामुळे सामानाच्या यादीत सर्वांत वर फराळाचे डबे नसून स्टेपनी, जॅक आणि चाकाचा पाना असतो. स्टेपनीत हवा आहे की नाही हे अनेक घरांत गाडी घेतल्यापासून कोणी पाहिलेले नसते. काही गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, हेही निघण्याआधीच पाहून ठेवायला हवे.

टायर स्वतःची माहिती स्वतःच्या अंगावर बाळगतो. त्याच्या बाजूवर ‘८८ एच’ असे लिहिलेले असेल, तर ८८ हा अंक एका टायरने पेलायचे कमाल वजन, म्हणजे ५६० किलो, दाखवतो आणि ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते. शेजारच्या लांबट चौकटीतील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे रबराच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले, तर खाच १.६ मिलिमीटरच उरली असून टायर बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक काँक्रीटच्या रस्त्यावर हे वाचन जिवाशी संबंधित ठरते, कारण हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडते, त्यातून उष्णता साचते आणि तीच टायर फुटण्याचे कारण होते. हवा टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरावी. वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा कमी करू नये.

इंधनाचा विचार वेगळा करावा लागतो. पिंपरी-चिंचवडमधील कितीतरी गाड्या सीएनजीवर चालतात, पण गडचिरोलीच्या दक्षिण भागात तो मिळेल हे गृहीत धरता येत नाही, म्हणून पेट्रोलची टाकी आलापल्ली-अहेरी परिसरात पूर्ण भरूनच पुढे जावे. अशीच खबरदारी इतरत्रही घेतात: मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर एल रोसारिओपासून गेरेरो नेग्रोपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर भरवशाचा पंप नाही, आणि अनुभवी प्रवासी तिथे अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी असे मानतात. त्या देशात ‘हिरवे देवदूत’ या नावाने ओळखले जाणारे सरकारी मेकॅनिक महामार्गांवर फिरून अडलेल्या गाड्यांना मदत करतात. आपल्याकडच्या जंगलातील रस्त्यावर ते काम बहुधा एसटीचा चालक किंवा जवळच्या गावातील माणूसच करतो, आणि तो करतोच, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

शेवटचा टप्पा असा ठरला की आधीचे टप्पे मोकळे होतात. चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या पाळीच्या बसगाड्या येण्यापूर्वी नदी ओलांडून जावी. पुढे संगमनेरहून शिर्डीजवळ समृद्धी महामार्ग धरावा. शिर्डी ते नागपूर हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असली तरी एकसुरी सरळ रस्त्याने चालकाची सतर्कता मंदावते, म्हणून दर दोन तासांनी उतरून चालणे आणि शक्य असल्यास दोन चालक असणे योग्य. नागपूरपर्यंत जाण्याची गरज नसते. वर्ध्याजवळ उतरून हिंगणघाटमार्गे वरोरा गाठावे आणि पहिला मुक्काम वरोरा किंवा चंद्रपूर येथे करावा. एका चालकाला हे अंतर एका दिवसात जास्त आहे. त्याने वाटेत आधी आणखी एक मुक्काम करावा. वरोऱ्यात आनंदवन आहे, हेमलकशाच्या कामाचे मूळ जिथे रुजले ते ठिकाण, आणि ते पाहून पुढे जाण्यात प्रवासाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

उरलेली तयारी कागदाची आणि शरीराची आहे. मोबाइलला रेंज नसलेल्या भागात डिजिलॉकर उघडत नाही, त्यामुळे परवाना, विमा, पीयूसी आणि नोंदणीपत्र कागदावर असावे. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि गावांची नावे क्रमाने वहीत लिहावीत. गडचिरोली हा मलेरियाचा जुना जिल्हा आहे, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला, मच्छरदाणी आणि परतल्यावर ताप आल्यास लगेच रक्ततपासणी या तीन गोष्टी टाळता येत नाहीत. हेमलकशाला राहायचे असेल, तर आधी संपर्क साधून परवानगी घ्यावी लागते आणि रस्त्याची स्थिती स्थानिक पोलिसांकडे विचारून घेणे शहाणपणाचे असते. माडिया वाड्यांमध्ये न विचारता छायाचित्रे काढणे हा त्या माणसांचा अवमान आहे; ‘जोहार’ म्हणून थांबावे, विचारावे आणि नकार मिळाला तर तो मानावा.

आणि एवढी आखणी करूनही आलापल्लीला पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजून गेले असतील, तर गाडी तिथेच थांबवावी आणि हेमलकसा दुसऱ्या दिवशी सकाळी गाठावे.