लहान शब्द आणि मोठे यंत्र

प्रवचनाची तयारी करताना आपण शब्दानुक्रमणिका हाती घेतो, तेव्हा तिच्यामागील श्रमांचा विचार सहसा मनात येत नाही. १३व्या शतकात पॅरिस येथील डोमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखाली लॅटिन शास्त्राची शब्दानुक्रमणिका सिद्ध झाली, ती अनेक बंधूंच्या हस्तश्रमातून. ग्रंथ वाढत जातात, परंतु हवे ते वचन हवे तेव्हा सापडत नाही, ही अडचण जुनीच आहे. विसाव्या शतकात तिच्यावर यंत्राचा उपाय शोधणारे तिघेजण आपले लक्ष वेधून घेतात.

पहिले, बेल्जियमचे पॉल ऑटले. १८९५ साली त्यांनी आंरी ला फाँतेन यांच्यासह जगातील ग्रंथांची विषयवार सूची आरंभिली. पुढे तिच्यातील कार्डांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली. १९३४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक मेज कल्पिले. त्यावर पुस्तके नसतील. केवळ पडदा व दूरध्वनी असतील आणि दूरच्या ग्रंथालयातील पान त्या पडद्यावर वाचता येईल. १९४० मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापल्यावर या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला.

दुसरे, अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हर बुश. जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात त्यांनी ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राचे वर्णन केले. मेजाच्या पोटात सूक्ष्मचित्रफितीवर ग्रंथ साठवावेत आणि वाचकाने आपल्या विचाराच्या ओघानुसार एका पानाचे दुसऱ्याशी नाते जोडून ठेवावे, अशी ती योजना होती. ऑटले यांच्या सूचीत ग्रंथाचे स्थान वर्गीकरणकार ठरवीत असे; बुश यांनी तो अधिकार वाचकाच्या हाती दिला. मेमेक्स प्रत्यक्षात कधीच तयार झाले नाही. तथापि आज संगणकावर एका लेखातून दुसऱ्या लेखात जाण्याची जी सोय आहे, तिचे बीज या कल्पनेत आढळते.

तिसरे, इटलीचे येशूसंघीय धर्मगुरू रॉबेर्तो बुसा. थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘उपस्थिती’ या संकल्पनेचा अभ्यास करताना त्यांना आढळले की, तिचे मर्म मोठ्या पारिभाषिक शब्दांत नसून ‘इन्’ या लहानशा शब्दयोगी अव्ययात आहे. आपल्या भाषेत ‘ख्रिस्ताच्या ठायी’ म्हणताना ‘ठायी’ जे कार्य करतो, तेच त्याचे कार्य. असले शब्द कोणताही सूचिकार वगळतो. म्हणून बुसा यांनी सुमारे १०,००० कार्डे स्वहस्ते लिहिली. १९४९ साली ते आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि छिद्रित कार्डांच्या यंत्रांचे साहाय्य मिळवले. १ कोटीहून अधिक शब्दांची ही सूची १९८० पर्यंत ५६ खंडांत छापून पूर्ण झाली.

यंत्राने वर्गवारी वेगाने केली, हे खरे. परंतु लॅटिन शब्दांची रूपे मराठीप्रमाणेच बदलतात. ‘घर’, ‘घरात’, ‘घरांना’ ही एकाच शब्दाची रूपे होत, हे यंत्राला आपणहून कळत नव्हते. प्रत्येक रूपाचे मूळ माणसांनीच ठरविले. आणि कार्डांना छिद्रे पाडण्याचे कंटाळवाणे काम बहुतांशी तरुण स्त्रियांनी केले. सूचीचे श्रेय देताना त्यांचे स्मरण ठेवणे न्यायाचे होय.

आज तेच शोधकार्य क्षणार्धात होते. त्यामुळे एखादा शब्द किती वेळा आला हे कळले म्हणजे त्याचा अर्थही कळला, असे मानण्याचा मोह आपल्याला होतो. बुसा यांना यंत्र हवे होते ते वाचन टाळण्यासाठी नव्हे, तर लहान शब्दसुद्धा नजरेतून निसटू नये म्हणून. आपणही सूचीत वचन सापडल्यावर तेथेच न थांबता तो संपूर्ण अध्याय उघडून वाचावा आणि मगच व्यासपीठावर उभे राहावे.