रानातल्या पोरांना रानात कशाला न्यायचं?

डोंगरकड्यात पालकांपुढं कुणी शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या मुलांना आठ-दहा दिवस जंगलातल्या मोहिमेवर न्यायची गोष्ट काढली, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. रानातल्या पोरांना पुन्हा रानात कशाला न्यायचं? हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातलं हे गाव केळीचं. इथला दहावीतला मुलगा रात्रीची लाइट असली की ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला अंधारात बागेत जातो, घड वाहतो, साप आणि विंचू त्यानं लहानपणापासून पाहिलेले असतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना चिखलात पाय भरवायला नेतात ते ठीक, याला काय नवीन दाखवणार? प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर दिल्याशिवाय मोहिमांच्या फायद्यांवर बोलू नये.

शेतात हा मुलगा राबतो खरा, पण काय करायचं आणि कधी करायचं ते वडील किंवा चुलते ठरवतात. चुकलं तर मोठं माणूस सावरून घेतं, संध्याकाळी घर असतंच. मोहिमेत आठ-दहा मुलांचा गट असतो, वाट अनोळखी असते आणि ओझं आपापलं. नकाशा पाहून वाट काढायची, पाणी किती घ्यायचं ते ठरवायचं, मागं पडलेल्याचं ओझं कुणी वाटून घ्यायचं याचा निकाल लावायचा, हे सगळं मुलांनीच करायचं असतं. सकाळी पाणी कमी भरलं तर दुपारी सगळा गट तहानतो आणि कुणाचा अंदाज चुकला ते सगळ्यांना कळतं. चांगला प्रशिक्षक अशा वेळी मागून चालतो. धोका दिसला तरच पुढं येतो, एरवी गप्प राहतो. रात्री जेवणं झाली की आज काय चुकलं, कुणी काय पाहिलं यावर मुलं बोलतात. डोंगर आणि जंगल या सगळ्यासाठी जागा देतात. मूल वाढतं ते निर्णय आपला असल्यामुळं आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी समोर आल्यामुळं.

गावच्या मुलांसाठी आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. गावात प्रत्येक पोराची ओळख आधीच ठरलेली असते: कुणाच्या घरचा, कुठल्या वस्तीचा, वर्गात पुढचा की मागच्या बाकावरचा. अनोळखी वाटेवर त्या ओळखीचा उपयोग नसतो. ज्याला स्टोव्ह लवकर पेटवता येतो, ज्याला ओढ्याचा उतार समजतो, त्याचं गट ऐकतो. आजवर ज्याला कुणी विचारलंच नव्हतं अशा मुलाला किंवा मुलीला तिथं विचारलं जातं.

‘ही परदेशी टूम आहे’

मोहिमेचं आजचं बांधीव रूप बाहेरून आलं, हे खरं आहे. कुर्ट हान हे जर्मन शिक्षक हिटलरला विरोध केल्यामुळं देश सोडून ब्रिटनमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडाली की तरणेताठे खलाशी हार मानत आणि वयानं मोठे टिकून राहत, अशी तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडवी या गावी महिनाभराचं प्रशिक्षण सुरू केलं. ‘आउटवर्ड बाउंड’ या जगभर पसरलेल्या संस्थेची ती सुरुवात. त्याआधी १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं शिबिर घेतलं होतं, त्यातून स्काउटची चळवळ उभी राहिली.

पण दूरच्या वाटेनं चालून माणूस घडतो, हे हिंगोली जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात आहे. तेच नामदेव पुढं पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी याच जिल्ह्यातून जाते. वारीला गेलेल्या पोरात फरक पडतो, हे घरोघरी माहीत आहे. फक्त दिंडीत मुक्काम, जेवण, पाणी, चालण्याचा क्रम सगळं वडीलधाऱ्यांनी आणि परंपरेनं ठरवलेलं असतं. तरुण त्यात सामील होतात, ती चालवत नाहीत. मोहिमेत चालवण्याची ही पाळीच मुलांकडं येते. वारी केलेल्या घरांना मोहीम परकी वाटायचं म्हणूनच कारण नाही.

‘आपल्याकडं ना सह्याद्री, ना हिमालय’

‘आउटवर्ड बाउंड’चं सुरुवातीचं प्रशिक्षण समुद्रकाठी झालं होतं, एवढी एक गोष्ट हा समज खोडायला पुरेशी आहे. तरी जवळचं उदाहरण हवं असेल तर नांदेडला लागून असलेला निजामाबाद जिल्हा पाहा. तिथल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही शेतमजूर आईबापांची मुलगी, सरकारी निवासी शाळेत शिकणारी. २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा तिला चौदावं वर्षसुद्धा पूर्ण झालेलं नव्हतं. नेपाळच्या बाजूनं सोळा वर्षांखालच्यांना परवानगी नसते, म्हणून तिची तुकडी तिबेटच्या बाजूनं चढली. तिचे पहिले धडे झाले ते भोनगीरच्या किल्ल्याच्या एका प्रचंड कातळावर, दार्जिलिंग आणि लडाख त्यानंतरचे.

महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागानं ‘मिशन शौर्य’ हाती घेतलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले दहा विद्यार्थी निवडले गेले आणि मे २०१८ मध्ये त्यांपैकी पाच जण एव्हरेस्टवर पोचले: मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, परमेश आळे, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम. याच विभागाचं प्रकल्प कार्यालय कळमनुरीत आहे. ‘हे पैसेवाल्यांच्या पोरांचं काम’ असं म्हणणाऱ्यांसमोर ही पाच नावं ठेवावीत.

डोंगरकड्याच्या मुलांनी एव्हरेस्टची स्वप्नं पाहावीत म्हणून मी हे सांगत नाही. सुरुवातीला पायाखालची जमीन पुरते, एवढंच त्यातून दिसतं. औंढा नागनाथच्या आजूबाजूच्या टेकड्या, पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय, किनवट-उमरखेडकडचं पैनगंगा अभयारण्य, माहूरचा गड आणि त्याभोवतीचं सागाचं जंगल, एवढ्यात पाच-सात दिवसांच्या कितीतरी मोहिमा आखता येतील. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि जंगलात जाळ करायचा नाही, हे आधी शिकवायचं. स्टोव्ह सोबत न्यायचा.

‘शिखर गाठलं तरच मोहीम यशस्वी’ हा समजही इथंच मोडायला हवा. छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याजवळ पोचल्या होत्या, हवामान बिघडलं म्हणून मागं फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन माथ्यावर पोचल्या. मागं फिरायचं केव्हा, हे कळणं हा मोहिमेतला सगळ्यात अवघड धडा आहे. ज्या गटाचा प्रशिक्षक ‘आता परत’ म्हणू शकत नाही, त्याच्यासोबत मूल पाठवू नये.

‘जेवढा त्रास, तेवढा माणूस घडतो’

हा समज सगळ्यात घातक, कारण तो कौतुकाच्या सुरात बोलला जातो. उपाशी ठेवलं, रात्री उठवून पळवलं, रडणाऱ्याची टिंगल केली की पोरगं कणखर होतं, असं मानणारे लोक आहेत. प्रत्यक्षात भीती एका मर्यादेपलीकडं गेली की शिकणं थांबतं, मूल फक्त सुटकेची वाट पाहतं. ‘बिघडलेल्या’ पोराला सरळ करायला जंगलात धाडायचा धंदा अमेरिकेत मोठा वाढला आणि त्यात मुलांचे जीव गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या अशाच एका कार्यक्रमात बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री दगावला आणि पुढं त्या संस्थेचा परवाना रद्द झाला. मोहिमेला मूल स्वतःच्या इच्छेनं जायला हवं. व्यसन, निराशा, घरातला छळ असं काही असेल तर आधी डॉक्टर आणि समुपदेशक. मोहीम त्यांची जागा घेऊ शकत नाही.

मग फायदा खरंच होतो का? १९९७ मध्ये जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी साहस-शिक्षणाचे ९६ अभ्यास एकत्र तपासले. आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, निर्णयक्षमता यांत मध्यम आकाराची वाढ दिसली आणि मोहीम संपल्यानंतरही ती ओसरली नाही, उलट थोडी वाढली. वीस दिवसांहून लांब कार्यक्रमांचा परिणाम जास्त होता. एका रविवारच्या सहलीनं पोरगं बदलेल अशी आशा धरायला त्यात काही आधार नाही. असे बरेचसे अभ्यास मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असतात आणि ज्यांना आधीपासून हौस आहे तीच मुलं बहुधा जातात, हेही लक्षात ठेवावं. मला पटतं ते एवढंच, की परत आल्यावर शाळेनं आणि घरानं त्या मुलाला काही जबाबदारी दिली तर मिळालेलं टिकतं. पुन्हा ‘तुला काय कळतं, गप बस’ सुरू झालं तर ते विरतं.

‘साप आणि बिबट्या’

धोक्याची गोष्ट निघाली की पालकांच्या डोळ्यांपुढं हेच दोघं येतात. साप आहेतच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप सगळ्यांनी ओळखावेत. बूट झाडून घालावेत, अंधारात बॅटरीशिवाय फिरू नये, तंबूत झोपताना चेन नीट बंद करावी. चावलंच तर अवयव हलू द्यायचा नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात सरळ न्यायचं.

पण मुलांच्या जिवावर जास्त वेळा उठतं ते पाणी. आपली पोरं विहिरीत पोहायला शिकतात आणि पोहता येतं या खात्रीनं धरणात उतरतात. विहिरीचा काठ चार हातांवर असतो. जलाशयात काठ दिसतो त्याहून दूर असतो, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडं असतात, वाऱ्यानं लाटा उठतात, दमलं की धरायला काही नसतं. लाइफ जॅकेट आणि जीवरक्षक नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नाही, हा नियम इसापूरच्या काठावर मोडू देऊ नये. कालव्यात तर उतरायचंच नाही.

दुसरा धोका उन्हाचा. मार्च ते जून मराठवाड्यात मोहीम काढणं हा अविचार आहे. तिसरा विजेचा. मान्सूनपूर्व वादळांत आणि परतीच्या पावसात इथं वीज पडून दरवर्षी माणसं-जनावरं जातात. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती जवळ आहे असं समजून टेकडीचा माथा, एकटं झाड आणि पाणी सोडायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी थांबायचं. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, तिथं अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. आणि सेल्फीसाठी कड्याच्या टोकाला कुणी जायचं नाही. या सगळ्याहून साधी गोष्ट म्हणजे ने-आण करणारी गाडी. चालक रात्रभर जागा असेल तर निघायचं नाही.

मुलींना पाठवावं का, हा प्रश्न पूर्णा आणि दोन्ही मनीषांची नावं वाचल्यावर उरत नाही. उरते ती व्यवस्था: सोबत महिला प्रशिक्षक, वेगळा तंबू, आडोशाची जागा, पाळीच्या दिवसांची तयारी आणि ‘आज मला बरं नाही’ हे न लाजता सांगता येईल असं वातावरण. ही व्यवस्था नसेल तर दोष मुलीचा नसतो, आयोजकाचा असतो.

खर्चाचं म्हणाल तर साहित्य महाग असलंच पाहिजे असं नाही. ताडपत्री, दोर, पाण्याच्या बाटल्या, जाड तळाचे बूट, घरची भांडी यांवर सुरुवात होते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर बहुतेक कॉलेजांत होतंच, त्यातले दोन-तीन दिवस चालत्या मोहिमेला देता येतील. पैसा लागतो तो प्रशिक्षित माणसावर आणि तिथं काटकसर नको. दार्जिलिंगची हिमालयन माउंटनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून गिर्यारोहण शिकवते. मूलभूत अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकाला तिथं पाठवलं तर पुढची कितीतरी वर्षं मुलांना त्याचा उपयोग होईल.

बाहेरच्या संस्थेकडं मुलं सोपवणार असाल तर तिची पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आहे का ते विचारा. २४ ऑगस्ट २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणात ती अपेक्षित आहे. किती मुलांमागं किती प्रशिक्षक, त्यांतले किती जण प्रथमोपचार शिकलेत, मुलाचा दमा, फिट किंवा ॲलर्जी कुठं लिहून घेतली आहे, मागं फिरायचं कुणी ठरवणार, हेही विचारा. आणि मध्यरात्री मुलाला काही झालं तर मोबाइलची रेंज कुठं मिळते, १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते, तिथपर्यंत त्याला उचलून कोण आणणार आणि पुढं कळमनुरी, हिंगोली की नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय, हे प्रत्येक मुक्कामासाठी आधीच कागदावर लिहिलेलं आहे का, तो कागद मागून बघा.