गुरांचे गजकर्ण व त्याचा बंदोबस्त

घटसर्प किंवा फऱ्या यांचे नाव निघताच गावोगाव लस टोचून घेण्याची धावपळ सुरू होते, कारण हे रोग जनावर मारतात हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु जे रोग मारीत नाहीत, केवळ जनावराचे रूप, वाढ व किंमत खाली आणतात, त्यांची कोणी फारशी दखल घेत नाही. गजकर्ण अथवा नायटा हा या दुसऱ्या वर्गातील रोग होय. 'पावसाळ्यात वासरांना होते, दिवाळी झाली की जाते,' असे म्हणून तो सोडून दिला जातो. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे सत्य असे की, वासराच्या अंगावरून गेलेला रोग गोठ्यातून गेलेला नसतो. प्रस्तुत लेखाचा रोख याच गोष्टीवर आहे.

पेण व रोहे या तालुक्यांची हवा या रोगास विशेष मानवते. रायगड जिल्ह्यात पावसाचे सरासरी मान ३००० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा बहुतेक भाग ज्येष्ठ ते भाद्रपद या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत शिवार भाताखाली असल्यामुळे गुरांस वरकस जमिनीवरच काय ते चरावयास मिळते. लहान वासरे तर दिवसच्या दिवस दावणीस असतात. पाऊस आत येऊ नये म्हणून गोठ्यास झड्या बांधतात व त्यांबरोबर उजेड आणि वाराही बंद होतो. पेणच्या खारेपाटात जमीन सखल, म्हणून गोठ्याची भुई सदा ओलसर राहते. रोह्याकडे कुंडलिकेच्या कालव्याखाली जेथे उन्हाळी भात घेतात, तेथे उभ्या पिकामुळे गुरे पाऊस सरल्यावरही बांधूनच ठेवावी लागतात. दाटी, ओल आणि अंधार या तीन गोष्टी एकत्र आल्या की गजकर्णास आमंत्रणाची गरज उरत नाही.

रोगाचे कारण

हा रोग रक्तदोषाने, उष्णतेने किंवा दृष्ट लागल्याने होत नाही. १८४१ साली पॅरिस येथे डेव्हिड ग्रूबी या वैद्याने माणसाच्या डोक्यावरील खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांतील बुरशी दाखविली, आणि पुढे या जातीच्या रोगांचे मूळ उलगडत गेले. गुरांस बहुतकरून ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम नावाची बुरशी बाधते. केस, शिंगे व खूर ज्या केराटीन नामक द्रव्याचे बनलेले असतात, तेच तिचे अन्न. ती जिवंत मांसात शिरत नाही. कातडीच्या वरच्या थरात व केसांत वाढते. त्यामुळे केस ठिसूळ होऊन मुळाशी तुटतात. तुटलेले केस व गळणाऱ्या खपल्या बुरशीच्या बीजाणूंनी भरलेल्या असतात. ते गव्हाणीच्या कडेस, खुंट्यास, दाव्यास, खराऱ्यास व भिंतीच्या भेगांत चिकटून बसतात आणि कोरड्या जागी चार वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. यंदाचे वासरू बरे होऊन विकले गेले तरी पुढील वर्षीच्या वासरास रोग कोठून होतो, याचे उत्तर येथे आहे. एकदा बऱ्या झालेल्या जनावरास हा रोग सहसा पुन्हा होत नाही. म्हणून मोठी गुरे निरोगी दिसतात व दर साल नव्या वासरांचाच बळी जातो.

लक्षणे

बाधा झाल्यापासून एक ते चार आठवड्यांत चट्टे दिसू लागतात. प्रथम डोळ्यांभोवती, कानांवर, तोंडाच्या बाजूस व मानेवर रुपयाएवढी गोल जागा उघडी पडते. तीवर राखी पांढरट रंगाची, जाड, कोरडी, भाकरीच्या पापुद्र्यासारखी खपली धरते. चट्टा मध्यापासून बरा होत जातो व कडेने पसरतो. खाज बहुधा नसते किंवा थोडी असते. ही खूण विसरू नये.

खाजेने हैराण होऊन जनावर खांबास अंग घाशीत असेल, तर खरजेचा म्हणजे सूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. पावसात सतत भिजलेल्या गुरांच्या पाठीवर केसांचे झुपके खपलीसकट चिकटून रंगाच्या कुंचल्यासारखे उभे राहिले, तर तो जिवाणूंचा रोग असतो व त्यावर बुरशीचे औषध व्यर्थ जाते. घाणेरीचा पाला खाल्लेल्या जनावराची पांढऱ्या रंगाची कातडी उन्हाने भाजल्यासारखी सोलवटते. त्यासही पुष्कळजण नायटाच समजतात. अंगभर टणक गाठी व सोबत ताप असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास कळवावे. २०२२ साली महाराष्ट्रभर पसरलेल्या लंपी चर्मरोगाची ती खूण आहे. शंका असल्यास चट्ट्याच्या कडेची खपली व काही तुटके केस कोरड्या कागदाच्या पाकिटात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून नमुना खराब होतो.

उपचार

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. धडधाकट वासराचे गजकर्ण काहीही न लावता बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप बरे होते. यामुळे या रोगावर जे जे लावावे ते ते गुणकारी ठरते! श्रावणात लावलेल्या औषधाने कार्तिकात गुण आला, तर तो औषधाचा की काळाचा, हे कोणी पाहत नाही. याच कारणाने रॉकेल, इंजिनाचे जळके तेल, बॅटरीतील तेजाब, मोरचुदाचा दाट लेप असले घातक प्रकार अजून चालू आहेत. त्यांनी कातडी भाजते, जखमेत पू होतो, आणि वासरू ते चाटून विषबाधेने आजारीही पडते. हे सर्व प्रकार वर्ज्य समजावे.

मग उपचार कशास करावयाचा? चट्टा लवकर आटोक्यात यावा व बीजाणूंची गळती थांबावी, यासाठी. प्रथम रोगी वासरू वेगळे बांधावे. हातांत रबरी मोजे घालून खपली कोमट साबणाच्या पाण्याने भिजवावी, मऊ ब्रशाने रक्त न काढता सोडवावी व खाली पसरलेल्या कागदावर गोळा करून कागदासह जाळून टाकावी. जागा कोरडी झाल्यावर बेंझोइक आम्ल ६ टक्के व सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के असलेले व्हिटफील्डचे मलम किंवा आयोडीनचे औषध यांपैकी एक लावावे. औषध केवळ उघड्या जागेवर न लावता चट्ट्याबाहेर दोन बोटे निरोगी दिसणाऱ्या केसांतही चोळावे, कारण बुरशी तेथे अगोदरच पोहोचलेली असते. डोळ्यांत औषध जाऊ देऊ नये. दुभत्या जनावराच्या सडांस ते लावू नये. नवे केस फुटू लागेपर्यंत उपचार सोडू नये. चट्टे अंगभर असल्यास चुना-गंधकाच्या द्रावणाची फवारणी उपयोगी पडते, परंतु तिचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. पोटात द्यावयाची बुरशीनाशके गाभण जनावरास अपायकारक व दुधामांसाच्या दृष्टीने सदोष असू शकतात. ती आपल्या मनाने देऊ नयेत.

टाकळ्याविषयी दोन शब्द. पहिल्या पावसाबरोबर बांधाबांधावर उगवणाऱ्या या वनस्पतीस संस्कृतात चक्रमर्द व दद्रुघ्न म्हणतात; दोन्ही नावांत तिची या रोगावरील ख्याती आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाने गजकर्णावर विकली जाणारी पूड वस्तुतः ब्राझीलमधील एका झाडाची असून पोर्तुगीज व्यापारामार्गे येत असे. तिच्यातील द्रव्ये टाकळ्यातील द्रव्यांच्याच कुळातली होती. तेव्हा आपल्या पूर्वजांची निवड निराधार नव्हती. तरीही ज्यास टाकळ्याच्या बियांचा लेप वापरावयाचा असेल, त्याने एकाच वासरावरील दोन सारखे चट्टे निवडून एकास लेप लावावा, दुसरा तसाच ठेवावा, आणि दर आठवड्यास दोन्ही मोजून तारखेसह लिहून ठेवावे. काळाचे श्रेय काळास व औषधाचे औषधास देण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

गोठ्याची शुद्धी

खरा बंदोबस्त येथे आहे. पावसाळा सरल्यावर, भात घरात आले व गुरे बाहेर बांधता येऊ लागली, म्हणजे गोठा पूर्ण रिकामा करावा. जुना पेंढा व शेणकाडी बाहेर काढावी. गव्हाण, खुंटे व खांब खरवडून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासावे. घाण तशीच ठेवून वरून औषध शिंपडल्यास ते घाणीतच जिरते. नंतर सुमारे ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइट द्रावणाचा १ भाग व पाणी ९ भाग असे मिश्रण लाकडावर व भिंतींवर मारून निदान पंधरा मिनिटे ओले राहू द्यावे. हे मिश्रण दुसऱ्या कोणत्याही आम्लात किंवा फिनेलात मिसळू नये व मारताना गोठा उघडा ठेवावा. सुकल्यावर भिंतींस ताज्या चुन्याचा हात द्यावा. जुनी दावी जाळून नवी घ्यावी. खरारा एका गोठ्याचा दुसऱ्यास देऊ नये, आणि रोगी वासराचा खरारा तर त्याच गोठ्यातील दुसऱ्या वासरासही लावू नये. कौलांत एकदोन काचा बसविल्या तर पावसाळ्यातही उजेड येतो. बाजारातून आणलेले जनावर तीनचार आठवडे निराळे बांधावे. वासरांस ओली वैरण व खनिज मिश्रण मिळाले, तर त्यांची कातडी रोगास अधिक दाद देत नाही.

माणसांची काळजी

हा रोग गुरांपासून माणसास होतो. धार काढणाऱ्याच्या दंडावर, वासराच्या गळ्यात हात टाकणाऱ्या मुलांच्या मानेवर व डोक्यात लालभडक, सुजलेले चट्टे उठतात. अशा वेळी दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. त्याने लाली दबते परंतु बुरशी पसरते. डॉक्टरांस दाखवावे व घरी गुरांस गजकर्ण आहे, हे आवर्जून सांगावे. चट्टे असेपर्यंत मुलांस त्या वासराशी खेळू देऊ नये. गोठ्यातून आल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवावे.

परदेशांत या रोगावर लस निघाली आहे. सोव्हिएत रशियात ती तयार झाली व नॉर्वेने वासरांस पद्धतशीर टोचून रोग पुष्कळ हटविला. आपल्याकडील शेतकऱ्यास मात्र तूर्त तिजवर भिस्त ठेवता येत नाही. त्याच्या हाती चुना, ऊन, वारा आणि नियमितपणा ही साधने आहेत व ती पुरेशी आहेत. कोकण कपिला या आपल्या लहानखुऱ्या, काटक जातीची २०१८ साली राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. तिचे कालवड बाजारात उभे राहते, तेव्हा गिऱ्हाईक प्रथम तिचे तोंड व कान पाहते. त्या तोंडावर खपल्या असू नयेत असे वाटत असेल, तर कामाची सुरुवात श्रावणात मलमाच्या डबीने न करता त्या अगोदरच्या कार्तिकात केरसुणी, सोडा व चुन्याने करावी. एका गावातील शेजारच्या गोठ्यांनी हे काम एकाच आठवड्यात उरकल्यास फळ अधिक लवकर दिसेल.