एका बटणात फोटो कसा सुधारतो?

फोनमधल्या फोटो-ॲपमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘एनहान्स’ नावाचे एक बटण असते. ते दाबताच अंधारलेला चेहरा उजळतो, फिक्या आकाशाला निळाई येते, पिवळट भिंत पांढरी दिसू लागते. यामागे अनेक कामे एकापाठोपाठ होतात. प्रत्येक कामात प्रोग्रॅम आधी फोटो मोजतो आणि मग मूळ दृश्य कसे असावे याचा अंदाज बांधतो. तो अंदाज कशावर बेतलेला असतो हे कळले, की बटणावर कधी भिस्त ठेवावी हेही कळते.

पहिले काम उजेडाचे. डिजिटल फोटो म्हणजे लाखो ठिपक्यांची, म्हणजेच पिक्सेलांची, मांडणी. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला ० ते २५५ यांपैकी एक अंक मिळतो. ० म्हणजे त्या रंगाचा उजेड मुळीच नाही, २५५ म्हणजे जास्तीत जास्त उजेड. कोणत्या अंकाचे किती ठिपके आहेत, हे दाखवणाऱ्या आलेखाला हिस्टोग्राम म्हणतात. धुक्यातल्या फोटोचे बहुतेक अंक मधल्याच पट्ट्यात, समजा ८० ते १८० यांच्या दरम्यान, दाटलेले असतात. म्हणून तो निस्तेज वाटतो. प्रोग्रॅम हा पट्टा दोन्ही टोकांकडे ताणतो. गडद भाग काळ्याकडे आणि उजळ भाग पांढऱ्याकडे सरकतो, फोटोला उठाव येतो. मात्र धुके हाच ज्या फोटोचा विषय आहे, त्यातले धुके या ताणण्यात विरून जाते.

दुसरे काम रंगांचे. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. बल्बचा उजेड पिवळा असतो, सावलीतला निळसर. माणसाचा मेंदू हा फरक आपोआप भरून काढतो आणि पांढरा कागद त्याला दोन्हीकडे पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ही सोय नसते. त्यासाठी एक जुनी युक्ती वापरली जाते: कोणत्याही दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी करड्या रंगाच्या जवळ येते असे धरायचे. सरासरी पिवळ्याकडे झुकली, तर दोष उजेडाचा मानून निळा रंग वाढवायचा. बहुतेक फोटोंना हे लागू पडते. पण हळदीच्या कार्यक्रमात चेहरे, कपडे आणि झेंडूच्या माळा सगळेच पिवळे असते. तिथे ही युक्ती खऱ्या पिवळ्यालाच दोष समजते आणि हळद फिकी पडते. भाताच्या हिरव्यागार खाचरांची किंवा गुलालाने माखलेल्या मिरवणुकीचीही तीच गत होऊ शकते. आजचे फोन चेहरा, आकाश, झाडे ओळखून हा अंदाज सावरून घेतात, तरी एकाच रंगाने भरलेले दृश्य अजूनही कठीणच जाते.

अशी दुरुस्ती पूर्वी जाणकारांच्या हाती होती. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी सुरू केलेले फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. त्याचा उपयोग प्रामुख्याने व्यावसायिकांना झाला. गूगलने २००४ मध्ये घेतलेल्या पिकासा या मोफत प्रोग्रॅमने एका बटणाची दुरुस्ती घरोघरच्या संगणकांवर पोहोचवली. पुढे ठरावीक नियमांच्या जोडीला उदाहरणांवरून शिकणे आले. एमआयटी आणि अडोबी यांच्या संशोधकांनी २०११ मध्ये ५,००० फोटोंचा एक संच मांडला. त्यातला प्रत्येक फोटो पाच प्रशिक्षित व्यक्तींनी आपापल्या परीने सुधारला होता. अशा जोड्या पाहून प्रोग्रॅम सुधारणेची रीत शिकतो. त्या पाच जणांचे निकालही एकसारखे नव्हते. ‘योग्य’ फोटो बराचसा आवडीवर ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

फोनमध्ये तर पुष्कळशी दुरुस्ती बटण दाबण्याआधीच झालेली असते. फोनचा सेन्सर लहान असल्याने कमी उजेडात फोटोवर रंगीत दाणे उमटतात. गूगलने २०१३ मध्ये आणलेल्या एचडीआर प्लस या पद्धतीत फोन क्षणार्धात अनेक फोटो टिपतो, ते एकमेकांवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे सरासरीत ते पुसट होतात. नऊ फोटो एकत्र केले, तर हा दोष साधारण एक-तृतीयांशावर येतो. रात्रीचे फोटो स्वच्छ येण्यामागे हेच गणित आहे.

चेहऱ्यांच्या बाबतीत अंदाज चुकला, तर तो जिव्हारी लागतो. फिल्मच्या काळात कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र नमुना म्हणून वापरले जात असे. त्यामुळे सावळ्या त्वचेच्या छटा नीट उमटत नसत. शिकवणीच्या फोटोंत सावळे चेहरे कमी असतील, तर नव्या तंत्रातही तोच दोष उतरतो. तो कमी करण्यासाठी गूगलने २०२१ मध्ये ‘रिअल टोन’ आणले. सावळा चेहरा नीट दिसणे आणि तो गोरा करणे यांत मोठा फरक आहे. पुष्कळ ब्युटी फिल्टर त्वचा उजळवतात आणि गुळगुळीत करतात. ती दुरुस्ती नव्हे, बदल आहे.

नको असलेली माणसे किंवा विजेच्या तारा पुसणे हाही बदलच. २०१० च्या फोटोशॉपमधली सोय त्याच फोटोतले आसपासचे तुकडे आणून रिकामी जागा भरत असे. आताची कृत्रिम बुद्धिमत्ता तिथे नवेच चित्र रचते. अशा फोटोची बातमी, पुरावा किंवा नोंद म्हणून असलेली किंमत कमी होते. असे बदल ओळखता यावेत म्हणून २०२१ मध्ये अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदी संस्थांनी सीटूपीए हा गट स्थापन केला. फोटो कुठून आला आणि त्यात काय बदलले, याची माहिती फाइलसोबतच ठेवण्याचे मानक तो तयार करतो.

शेवटी मर्यादेचा मुद्दा. आकाशाचे तिन्ही अंक २५५ झाले असतील, तर तिथली ढगांची माहिती गेलेली असते. ताणून ती परत येत नाही. म्हणून उन्हात फोटो थोडा गडद काढलेला बरा. व्हॉट्सॲपवरून आकसून आलेल्या प्रतीपेक्षा मूळ फोटोवर सुधारणा चांगली होते. बरीच ॲप मूळ फोटो राखून ठेवतात, तरी जतन करताना ‘प्रत म्हणून’ जतन करणे सुरक्षित. सुधारलेला फोटो मूळ फोटोशी ताडून पाहावा आणि दृश्यातला खरा रंग, खरा उजेड हरवला असेल, तर सुधारणा मागे घ्यावी.