सात दिवस, एक खोली आणि थोरला मामा

इटलीला जायचं ठरलं आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला गेला. आमचे हे लाल पेन घेऊन बसले. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान. सात दिवसांत पाच शहरं, चार हॉटेलं आणि रोज सकाळी बॅगा भरणं. प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती वाचून वाचून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात हे गणित पक्कं बसलेलं आहे. जितकी गावं जास्त, तितके पैसे वसूल!

आई पलीकडे भाजी निवडत बसली होती. तिला ब्याऐंशी पूर्ण. गुडघे दुखरे, पण कान तल्लख. तिनं मान वर न करता विचारलं, "ह्यात फोर्ली कुठं आहे?"

आम्ही दोघंही गप्प झालो. फोर्ली आमच्या यादीत नव्हतंच.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. आईचा सगळ्यात थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळच्या गावातून त्या काळी घरटी एक माणूस फौजेत असे. आई आठ भावंडांत शेंडेफळ. तिच्या जन्माआधीच मामा बोटीनं परमुलखात गेला. त्याची चारदोन पत्रं आजीनं ट्रंकेत जपून ठेवली होती. शेवटच्या पत्रात खुशाली, पावसाची चौकशी, बैलांची चौकशी आणि खाली एक ओळ: धाकटीचं नाव काय ठेवलं ते कळवावे. आजोबांनी उत्तर लिहवून घेतलं. पण १९४४ च्या हिवाळ्यात मामा गेला आणि ते उत्तर त्याला मिळालं की नाही, हे घरात कुणालाच कधी कळलं नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नोंद ठेवते. नाव, पलटण आणि तारीख दिली की इंटरनेटवर ती नोंद शोधता येते. आमच्या मुलीनं एका दुपारी ती शोधून काढली होती. मामाचं नाव उत्तर इटलीतल्या फोर्ली गावच्या स्मारकावर होतं. आईनं ते ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाली आणि विषय संपला, असं आम्हाला वाटलं होतं.

एकाच गावात मुक्काम

लाल पेनाची यादी बाजूला ठेवली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन रोज गाव बदलणं शक्यच नव्हतं. तिला एक पलंग हवा, रोजचीच न्हाणी हवी, सकाळी उठल्यावर दिवा कुठं आहे हे ठाऊक हवं. म्हणजे मुक्काम एकाच गावी आणि तिथून दिवसाच्या फेऱ्या. मग फोर्लीच्या आसपास असं गाव शोधायला लागलो आणि बोट रिमिनीवर थांबलं.

रिमिनी हे एड्रियाटिक समुद्रावरचं गाव. पंधराएक किलोमीटर लांब वाळूचा किनारा, सपाट रस्ते, उथळ पाणी. १८४३ साली इथं समुद्रस्नानाची पहिली सोय झाली, तेव्हापासून सुट्टीला येणाऱ्यांचं हे गाव. किनाऱ्यावर नंबर घातलेल्या स्नानगृहांची रांग आणि प्रत्येकासमोर छत्र्या आणि आरामखुर्च्या. चित्रपटदिग्दर्शक फेडेरिको फेलिनी इथलाच, १९२० चा जन्म.

पण आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं ते रेल्वे स्टेशन. रोमहून येणारा फ्लामिनिया रस्ता रिमिनीत संपतो आणि वायव्येला जाणारा एमिलिया रस्ता इथून सुरू होतो. हा दुसरा रस्ता इसवी सनापूर्वी १८७ मधला. आजची रेल्वे जवळजवळ त्याच रस्त्याच्या कडेनं फोर्ली, फाएन्झा, बोलोन्या अशी जाते. दुसरा फाटा समुद्राच्या बाजूनं राव्हेन्नाला जातो. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या सहलीची आखणी करून ठेवली होती म्हणायची!

आखणीचे नियम

मग मी एका वहीत आमच्यापुरते नियम लिहिले. कुणाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिला, एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचाच. त्याहून लांब गेलं की गाव पाहण्यापेक्षा गाडीच जास्त पाहिली जाते. या एका नियमानं व्हेनिस आणि फ्लॉरेन्स दोन्ही गळाली. ह्यांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता.

दुसरा, सोमवारी संग्रहालयाचा बेत करायचा नाही. इटलीतली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस-गाड्या कमी असतात, म्हणून रविवार मुक्कामाच्या गावातच घालवावा.

तिसरा, संपाची चौकशी आदल्या दिवशी करायची. तिथं रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात. संपाच्या दिवशीही, कामाचा दिवस असेल तर, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. हे ठाऊक असलं की धीर सुटत नाही. आणि लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्यायला विसरू नये. नाही तर तिकीट असूनही दंड.

चौथा, एका मोठ्या दिवसानंतर एक हलका दिवस. आणि आठवड्यात निदान एक दिवस वहीत कोराच सोडायचा.

एकेक दिवस

गेल्या सप्टेंबरात शनिवारी रात्री पोहोचलो. सप्टेंबरच्या मध्यावर तिथल्या शाळा उघडतात, त्यामुळं किनारा मोकळा होता आणि पाणी अजून कोमट.

रविवारी रिमिनीच पाहिलं. ऑगस्टसची कमान इसवी सनापूर्वी २७ मधली. गावाच्या दुसऱ्या टोकाला टायबेरियसचा पाच कमानींचा दगडी पूल, इसवी सन २१ मध्ये पुरा झालेला. आई पुलाच्या कठड्याला हात लावून म्हणाली, "आपल्याकडं दरसाली पूल वाहून जातो." जेवायला पिआदीना. ही या रोमान्या भागातली गव्हाची जाडसर पोळी, तव्यावर भाजून मध्ये ताजं चीज आणि पाला भरून देतात. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावं. पारंपरिक पिआदीनाच्या पिठात डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलाचीही मिळते.

सोमवारी सान मारिनो. रिमिनी स्टेशनासमोरून बस मिळते, साधारण पाऊण तास लागतो. हे जेमतेम एकसष्ट चौरस किलोमीटरचं स्वतंत्र प्रजासत्ताक. डोंगराच्या माथ्यावर वसलेलं, पण सरहद्दीवर पासपोर्ट कुणी विचारत नाही. तिथं एकाच वेळी दोन राष्ट्रप्रमुख असतात आणि दर सहा महिन्यांनी, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, नवी जोडी येते. "म्हणजे खुर्ची गरम व्हायच्या आत उठायचं," आईचा शेरा. वर चढ बराच आहे. आई चौकात बसून राहिली आणि आम्ही बुरूज पाहून आलो. वरून अख्खा रिमिनीचा किनारा दिसतो.

या बसच्या वाटेवरच रिमिनीची गुरखा दफनभूमी आहे. १९४४ च्या सप्टेंबरात या डोंगरउतारांवर आपली चौथी इंडियन डिव्हिजन लढली. शेर बहादूर थापा या गुरखा रायफलमनला इथल्याच लढाईतल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी या चिमुकल्या देशानं सुमारे एक लाख निर्वासितांना थारा दिला होता. रिमिनीहून येणारी त्यांची रेल्वे बाँबनं बंद पडली आणि लोक तिच्या बोगद्यांत राहिले.

मंगळवारी राव्हेन्ना, गाडीनं तासाभरावर. इसवी सन ४०२ पासून ही पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होती. बाहेरून साध्या विटांच्या इमारती आणि आत रंगीत काचतुकड्यांची चित्रं. सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा इसवी सन ५४७ पासून आपल्याकडे बघत उभे आहेत. शेजारच्या गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत निळं छत आणि त्यावर सोन्याच्या चांदण्या. आई बराच वेळ मान वर करून उभी होती. कवी दान्तेही १३२१ मध्ये याच गावी वारला. त्याला हद्दपार करणारं फ्लॉरेन्स शहर आता त्याच्या समाधीवरच्या दिव्यासाठी दरवर्षी तेल पाठवतं.

बुधवार कोरा. आई पाण्यात पाय सोडून बसली.

वाटेत थांबायचं?

गुरुवारबद्दल सांगायला हवं, कारण आखणीतली माझी चूक तिथंच होती. फोर्ली रिमिनी-बोलोन्या मार्गावरच आहे, रिमिनीहून पन्नासेक किलोमीटरवर. तेव्हा वहीत मी मोठ्या हुशारीनं लिहिलं होतं: 'बोलोन्याला जाताना वाटेत फोर्ली, दीड तास'. पुण्यातच आईला हे वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "वाटेत थांबायला तो काय चहाचा स्टॉप आहे?"

मी ते खोडलं. गुरुवार पूर्ण फोर्लीला दिला आणि बोलोन्या शुक्रवारी नेलं. शुक्रवारसाठी ठरवलेलं, राफाएल या चित्रकाराचं जन्मगाव उर्बिनो त्यामुळं सुटलं. आता वाटतं, सहलीची आखणी म्हणजे काय पाहायचं याची यादी नव्हेच. कशासाठी काय सोडायचं, ते ठरवणं.

गाडी रुबिकॉन नदी ओलांडून गेली. हो, सीझरनं ओलांडली ती. एवढंसं पात्र. फोर्लीला उतरून टॅक्सी केली. इंडियन आर्मी वॉर सिमेटरी असं नाव सांगितलं की नेतात. आत कापलेली हिरवळ, पांढऱ्या शिळांच्या रांगा आणि कमालीची शांतता. मुसलमान सैनिकांच्या कबरी आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांची नावं स्मारकावर कोरलेली आहेत. शेकडो नावं. इंग्रजी स्पेलिंग चमत्कारिक असतं, म्हणून पलटण आणि तारीख सोबत ठेवावी. एरवी स्वतःच्या माणसाचं नावही ओळखू येत नाही.

ह्यांनीच ते शोधलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिचं बोट धरून मी अक्षरांवर ठेवलं. तिनं एकेक अक्षर चाचपलं आणि मग नेहमीच्या आवाजात, दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसं, स्वतःचं नाव सांगितलं. नुसतं नाव. मग म्हणाली, "तू विचारलं होतंस ना दादा."

मी पुण्याहून सुपारी नेली होती. ती पिशवीतच राहिली.

आम्ही तिथं तीन तास होतो. आईनं शेजारपाजारची नावं मला वाचायला लावली. कुणी पवार, कुणी शिंदे, कुणी सिंग. "त्यांच्याकडं कोण आलं असेल का गं?" तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही.

परतीच्या आधी

शुक्रवारी बोलोन्याला जाताना गाडीनं फाएन्झाच्या पुढं सेनियो नदी ओलांडली. हिच्याच काठावर ९ एप्रिल १९४५ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाठीवर वाहून सुरक्षित जागी आणलं, मग परत जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी उडवली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खिडकीतून नदी क्षणभरच दिसली. आईनं हात जोडले.

बोलोन्या म्हाताऱ्या माणसांना सोयीचं शहर. एकूण बासष्ट किलोमीटर लांबीचे सज्जे आहेत, म्हणजे रस्त्याकडेच्या छपराखालच्या कमानी. त्यामुळं ऊन नाही, पाऊस नाही. २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोचा वारसादर्जा मिळाला. विद्यापीठाची परंपरा १०८८ पासूनची सांगतात. दोन उंच मनोऱ्यांपैकी जास्त कललेल्या धाकट्या मनोऱ्याचा परिसर २०२३ मध्ये धोक्यामुळं बंद करावा लागला, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करावी.

शनिवारी बॅगा भरल्या. आठवड्यात ती एकच वेळ.

परत आल्यावर सोसायटीतल्या बायका विचारू लागल्या. व्हेनिसच्या नावेत बसलात का? पिसाचा मनोरा पाहिला का? आई म्हणाली, "नाही बाई, ते राहिलं. भावाकडं गेले होते."

तुमच्याही घरात एखादी जुनी ट्रंक असेल, तीत खाकी कपड्यातला कुणाचा फोटो असेल. युरोपच्या सहलीचा नकाशा पसरण्याआधी ती एकदा उघडून बघा. एखादा दिवस आधीच ठरलेला असण्याची शक्यता आहे.