सामू बरोबर, पाणी शुद्ध?
वाराणसीत गंगेचा सामू (पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचे माप) योग्य आढळला की पाणी शुद्धच, हा समज साहजिक आहे. पण सामू जंतू मोजत नाही. मीठ बेताचे आहे म्हणून आमटी ताजी ठरत नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानाच्या निकषांत ६.५ ते ८.५ या सामूबरोबर विष्ठाजन्य कोलिफॉर्मचीही (मैल्याची खूण देणारे जिवाणू) १०० मिलिलिटरमागे २५०० ही कमाल मर्यादा आहे. मग सामू मोजायचा कशाला? घरच्या गरम पाण्याच्या टबात ते कळते: क्लोरीनचा प्रभावी जंतुनाशक अंश सामू ७.५ असताना साधारण निम्मा असतो, ८ झाला की जेमतेम पाव. नदीत अर्थात क्लोरीन ओतता येत नाही. तिथे सांडपाणीच अडवावे लागते, आणि १९८२ मध्ये वाराणसीत गंगेच्या स्वच्छतेसाठी स्थापन झालेल्या संकटमोचन फाउंडेशनचा आग्रह तोच आहे.