कोपीतला पडदा

१९ फेब्रुवारी २००८ला तोशिबाने हात टेकले. तिची एचडी डीव्हीडी ही डिस्क बंद पडली आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे मैदानात एकटी उरली. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावत, ब्लू-रेच्या एका थरात २५. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी मात्र तेव्हा चलती होती व्हीसीडीची. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअरने २००७मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली होती. पिक्चर दोन सीड्यांवर. सीडी बदलायला उठावं लागे तेच मध्यंतर.

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे लाखभर. ब्लू-रेचे ठिपके वीस लाखांवर. पण घरातल्या डबा टीव्हीला ५७६ ओळींपुढे काही दाखवताच येत नव्हतं. त्याला ब्लू-रे जोडणं म्हणजे घागरभर दूध पावशेराच्या मापात ओतणं. त्यात भारनियमन. बारा-बारा तास वीज नसलेल्या घरात चित्र किती स्पष्ट, हे नंतरचं; आधी ते दिसू तर दे.

ग्राहक अधिक स्पष्ट चित्राकडेच सरकतो, असं कंपन्या धरून चालतात. इथे लोक खुशाल उलटे गेले. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड पिक्चरांनी भरून मिळू लागलं. त्यातल्या थ्रीजीपी फाइली बऱ्याचदा १७६ गुणिले १४४ ठिपक्यांच्या, म्हणजे व्हीसीडीच्या बरोबर पाव हिस्सा! चेहरे ओळखू येत नसत, आवाजावरून नट ओळखायचा. तरी व्हीसीडी मागे पडली.

मला याचं उत्तर ऊसतोडीत दिसतं. जामखेड, पाथर्डी, आष्टी हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा दुष्काळी पट्टा. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो. तिथे टीव्ही, प्लेअर, सीड्यांचा गठ्ठा कोण नेणार? नखाएवढं कार्ड मात्र खिशात बसतं. घर एका जागी असतं, भिंतीला टीव्ही असतो, हे ब्लू-रेचं गृहीतकच या घरांना लागू नव्हतं.

स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६मध्ये आल्या. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, मार्च २०१७पर्यंत डेटा फुकट मिळाला आणि कार्ड भरून देण्याचा धंदा बसला. मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली.

आता साध्या मोबाइललाही एचडी पडदा असतो. मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो. पण संध्याकाळी तळावरचे सगळे एकाच टॉवरवर आले, की यूट्यूब चित्र उतरवत उतरवत १४४वर आणतं. २५६ गुणिले १४४ ठिपके. व्हीसीडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासे जास्त. पिक्चर मात्र पुढे चालू राहतो.